वणीचा गड सायकलवरून: नांदुरीचा घाट खरंच किती अवघड, आणि तो चढायचा कसा

नाशिकमध्ये सायकल घेतली, की दोन-तीन महिन्यांत कुणीतरी विचारतंच, "मग, गड केला का?" गड म्हणजे सप्तशृंगी. आपण सगळे त्याला वणीचा गड म्हणतो. घाट मात्र वणीपासून नाही, पुढे नांदुरीपासून चालू होतो. या घाटाबद्दल दोन टोकाची मतं ऐकू येतात. एक म्हणतो, "अरे, त्यात काय, तासाभराचं काम." दुसरा म्हणतो, "माझ्या मित्राने अर्ध्यावरून टेम्पोत टाकून सायकल आणली." दोघंही खरं सांगत असतात. घाट तोच असतो. फरक असतो तो मागच्या गिअरचा, पाण्याच्या बाटलीचा आणि पहिल्या दोन किलोमीटरमध्ये पाय किती जोरात मारले याचा.

मी हा घाट बरेचदा चढलो आहे. पहिल्यांदा मात्र दुसऱ्या किलोमीटरच्या पुढेच थांबलो होतो. चैत्रातले दिवस होते, खानदेशातून पायी निघालेल्या दिंड्या गडाच्या वाटेला लागल्या होत्या. मी कठड्याला सायकल टेकवून वाकून उभा होतो, कानात फक्त माझाच श्वास ऐकू येत होता. एक म्हातारी आजी, डोक्यावर पदर, हातात काठी, पायात रबरी चप्पल, माझ्या शेजारून एकाच लयीत वर गेली. जाता जाता म्हणाली, "बस थोडा, भाऊ. माय कोठे पयी जास नही." आई कुठे पळून जात नाही. ती शंभरएक किलोमीटर चालत आली असणार आणि तिची चाल बदलली नव्हती. त्या दिवशी मी पुढचा घाट तिच्या चालीकडे बघत चढलो. खाली जे सांगणार आहे, त्यातलं निम्मं त्या चालीतच आहे.

आधी घाट आकड्यांत समजून घ्या

नाशिकहून दिंडोरी, वणी करत नांदुरी साधारण पंचावन्न किलोमीटर. नांदुरी ते गडावरचं गाव सुमारे १० किलोमीटर. या दहा किलोमीटरमध्ये आपण साधारण साडेचारशे मीटर वर जातो. गडाचा माथा ४६५९ फूट असल्याचं सगळीकडे वाचायला मिळतं, पण तो डोंगराचा सर्वोच्च भाग झाला. सायकल तिथे जात नाही. रस्ता गावापर्यंत, पुढे मंदिराला पाचशेच्या आसपास पायऱ्या.

दहा हजार मीटर अंतरात साडेचारशे मीटर उंची म्हणजे सरासरी साडेचार टक्के चढ. टक्का म्हणजे शंभर मीटर पुढे गेल्यावर किती मीटर वर गेलो, इतकंच. साडेचार टक्के ऐकायला किरकोळ वाटतं, म्हणून एक तुलना देतो. कसारा ते इगतपुरी हा रेल्वेचा थळ घाट ३७ला १ चढाचा आहे, म्हणजे २.७ टक्के. तेवढ्या चढासाठी गाड्यांना मागून जादा इंजिनं जोडावी लागतात. आपल्या गडाची सरासरीच त्याच्या दीडपटीहून जास्त आहे. दुसऱ्या टोकाला फ्रान्समधला आल्प द्युएझ, १३.८ किलोमीटर, सरासरी ८.१ टक्के, २१ वळणं. तर गड हा जगातल्या भयंकर घाटांपैकी नाही. पण नाशिकच्या सपाटीवर पाय तयार झालेल्या माणसासाठी तो खरा घाट आहे.

सरासरी आकडा फसवतो, आणि या घाटाची बदनामी तिथूनच येते. चढ एकसारखा नाही. मधे थोडा सपाट पट्टा येतो, जरा उसंत मिळते, मग वळणावर रस्ता एकदम उभा राहतो. त्या उभ्या तुकड्यांत चढ आठ टक्क्यांच्या वर जातो, वळणाच्या आतल्या कडेला त्याहूनही जास्त. सरासरीवर विश्वास ठेवून गिअर ठरवला, तर या तुकड्यांत पाय अडकतात.

एक गैरसमज इथेच दूर करतो. "वर हवा विरळ होते म्हणून दम लागतो" असं बरेच जण सांगतात. साडेचारशे मीटरमध्ये हवेचा दाब जेमतेम पाच टक्के कमी होतो. दम त्याने लागत नाही. दम लागतो, कारण आपण झेपेल त्याहून जास्त जोर लावत असतो.

तुमच्या पायांना किती वेळ लागेल

हे गणित एकदा शांतपणे करा, कारण भीती आणि फाजील आत्मविश्वास दोन्हीवर तोच उपाय आहे. समजा तुमचं वजन ७० किलो, सायकल १२ किलो, पाणी आणि पिशवी ३ किलो. एकूण ८५ किलो. हे वजन साडेचारशे मीटर वर न्यायला सुमारे ३७५ किलोज्यूल ऊर्जा लागते. टायरचं घर्षण आणि हवा धरून ४४०च्या आसपास. आता तुम्ही पॅडलवर सतत १०० वॉट जोर देऊ शकत असाल, तर घाटाला सव्वा तासाला दोन मिनिटं कमी. १२० वॉटला एक तास. १५० वॉटला पन्नास मिनिटांच्या आत. नियमित चालवणाऱ्या, पण शर्यतीत न उतरणाऱ्या माणसाला शंभर ते दीडशेमध्ये तासभर राहता येतं. म्हणजे पन्नास ते पंचाहत्तर मिनिटं हा आपल्यासारख्यांचा प्रामाणिक वेळ आहे. थांबत गेलात तर दीड तास धरा. त्यात कमीपणा काहीच नाही.

हे वॉट मोजणारा पॉवर मीटर कुणाकडे फारसा नसतो आणि त्याची गरजही नाही. बोलण्याची परीक्षा घ्या. चढताना एक अख्खं वाक्य श्वास न तोडता बोलता आलं, तर जोर बरोबर आहे. दोन-दोन शब्दांवर श्वास घ्यावा लागला, की जोर जास्त होतोय.

वजनाचा मुद्दा पण यातच येतो. एक किलो हलकी सायकल घ्यायला लोक हजारो रुपये जास्त मोजतात. ८५ किलोमधला एक किलो म्हणजे सव्वा टक्क्यापेक्षा कमी. तासाभराच्या चढाईत चाळीसेक सेकंद. तोच पैसा मोठ्या कॅसेटवर, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चक्रांच्या संचावर घाला. ते का, ते पुढे.

गिअर: या घाटाचा निकाल बहुतेक वेळा इथेच लागतो

आठ टक्के चढावर १५० वॉट जोर देणारा आपला ८५ किलोचा गडी ताशी साडेसात किलोमीटरने जाईल. त्याहून वेगात जायचं तर जास्त ताकद हवी, ती नाही असं धरू. मग प्रश्न उरतो एकच: त्या वेगाला तुमचे पाय मिनिटाला किती फेऱ्या मारतील?

पुढे ३४ दात्यांची चेनरिंग, म्हणजे पॅडलजवळचं दातेरी चक्र, आणि मागे २८चा सर्वांत मोठा दाता, म्हणजे २८ दात्यांचं चक्र असेल, तर एका फेरीत सायकल अडीच मीटर पुढे जाते. मिनिटाला पन्नासच्या आत फेऱ्या. चालेल, पण गुडघ्यावर ताण येतो. तीच ३४ची चेनरिंग आणि मागे ३४चा दाता असेल तर साठ फेऱ्या, श्वास आणि पाय दोन्ही सांभाळले जातात. पुढे तीन चेनरिंग असलेल्या एमटीबी (डोंगरी सायकल) किंवा हायब्रिडवर २२ला ३२ लावलं, की ऐंशीच्या वर फेऱ्या, म्हणजे बसून निवांत. उलट जुनी रोड बाईक, पुढे ३९ आणि मागे २५, तिथे अडतीस फेऱ्या. अडतीस फेऱ्यांत प्रत्येक पाय खाली दाबणं म्हणजे जिन्याची एकेक पायरी वजन घेऊन चढणं. तासभर कुणाचे गुडघे हे सोसत नाहीत. आपल्या साध्या बिनगिअरच्या सायकलवर हाच आकडा पंचवीसच्या खाली येतो. म्हणून ज्यांनी तशा सायकलवर गड केला, ते उभ्या तुकड्यांत उतरून चालले आणि शहाणपणाने वागले.

माझं स्पष्ट मत असं: तुमच्या सर्वांत हलक्या गिअरमध्ये मागचा दाता पुढच्या चेनरिंगइतका किंवा त्याहून मोठा नसेल, तर गडाला निघण्याआधी सायकलवाल्याकडे जाऊन कॅसेट बदलता येईल का ते विचारा. डिरेलर, म्हणजे चेन एका दात्यावरून दुसऱ्यावर नेणारा भाग, किती मोठा दाता झेलतो, यावर ते अवलंबून असतं, म्हणून स्वतः विकत घेऊन जाऊ नका, त्यालाच बघू द्या. कॅसेट बदलली की चेनची लांबीही तपासायला सांगा.

आणखी एक गोष्ट निघण्याआधी घरीच करा. सायकलचं मागचं चाक उचलून धरा, पॅडल फिरवा आणि सर्वांत मोठ्या दात्यावर गिअर टाका. आता डिरेलर मागून नीट बघा. पिंजऱ्याची वरची छोटी चाकी त्या मोठ्या दात्याच्या अगदी खाली, एका रेषेत हवी. ती आरे असलेल्या बाजूला झुकलेली दिसली, तर घाटात नेमक्या उभ्या तुकड्यावर, पूर्ण जोर असताना चेन दाता ओलांडून आऱ्यांमध्ये जाऊन अडकू शकते. माझ्याबरोबरच्या एकाचं असंच झालं. चेन काढायला आम्हाला वीस मिनिटं लागली आणि दोन आरे खरवडले गेले. चेनला ठरावीक मर्यादेपलीकडे जाऊ न देणारा डिरेलरवरचा लिमिट स्क्रू अर्धा वळसा फिरवला असता तर हे टळलं असतं.

तयारी: सहा आठवडे, नाशिकच्याच रस्त्यांवर

आत्ता तुम्ही सपाटीवर चाळीस किलोमीटर आरामात करत असाल, तर सहा आठवडे पुरेत. त्याहून कमी करत असाल तर आधी तिथपर्यंत या.

पहिले दोन आठवडे लहान चढ. चामरलेणीच्या पायथ्याचा चढ म्हसरूळपासून जवळ आहे. तिथे चार-पाच वेळा वर-खाली करायचं, दर वेळी बसून, हलक्या गिअरमध्ये. वेळ मोजू नका, फेऱ्यांची लय मोजा.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पेठ रस्त्याला सावळघाट करा. इथे पहिल्यांदा लांब चढाचा अनुभव येतो, की पाच मिनिटांनी संपत नाही आणि मन पुन्हा पुन्हा विचारतं, अजून किती? त्या प्रश्नाची सवय करणं हाच तिथला सराव. पेठचा रस्ता गुजरातकडे जातो, ट्रक असतात, म्हणून पहाटेचं उजाडल्यावर लगेच निघा.

पाचव्या आठवड्यात सपाटीवर शंभर किलोमीटरची एक फेरी. गडाची नाशिकहून जाऊन-येऊन फेरी एकशे तीसच्या आसपास होते. घाट चढलेल्या पायांनी परत यायचं असतं, हे लोक विसरतात. सहाव्या आठवड्यात काम निम्म्यावर आणा. शेवटचे दोन दिवस सायकल पुसा, तेल घाला, झोपा.

पहिल्याच वेळी नाशिकहून सायकल नेण्याचा हट्ट धरू नका, असं मी प्रत्येकाला सांगतो. वणीपर्यंत किंवा थेट नांदुरीपर्यंत गाडीने जा, तिथून चढा. घाट ओळखीचा झाला की पुढच्या वेळी घरापासून निघा. पंचावन्न किलोमीटर चालवून थकलेले पाय आणि अनोळखी घाट, अशी दोन संकटं एकाच दिवशी कशाला?

नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली रेस अक्रॉस अमेरिका ही अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत जोडीने पूर्ण केली. २०१७ मध्ये श्रीनिवास गोकुळनाथ यांनी तीच शर्यत एकट्याने पूर्ण केली. आपल्या गावात हे घडलं आहे, याचा मला फार अभिमान वाटतो. पण तेव्हापासून काही नवीन लोक पहिल्याच महिन्यात मोठे आकडे गाठायला बघतात. त्या माणसांनी वर्षानुवर्षं पहाटे उठून पाय तयार केले होते. आपल्याला सहा आठवडे द्यायला काहीच हरकत नाही.

चाळिशी ओलांडली असेल, रक्तदाब किंवा साखर असेल, चालताना छातीत कधी दडपण आलं असेल, तर डॉक्टरांना दाखवूनच पुढचं ठरवा. हे नुसतं लिहायचं म्हणून लिहीत नाही. घाटात छातीत कळ आली, तर दवाखाना हाताशी नसतो, ही साधी गोष्ट आहे.

कधी जायचं, कधी अजिबात नाही

नोव्हेंबर ते फेब्रुवारी सर्वांत चांगला काळ. पहाटे दिंडोरी पट्ट्यात थंडी चांगलीच बोचते, द्राक्षबागांवर धुकं असतं, बोटं बधिर होतात. पातळ हातमोजे घ्या. जानेवारीपासून द्राक्षांची तोडणी चालू झाली, की पिकअप आणि ट्रॅक्टर अंधारातच रस्त्यावर असतात आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला मागे दिवा नसतो. म्हणून मागचा लाल दिवा तुमचा चालू हवाच, आणि पुढे किमान इतका उजेड हवा, की उभी ट्रॉली वीस पावलांवरून दिसेल.

मार्चनंतर ऊन. घाटाचे काही टप्पे उघड्या कातळाला लागून आहेत आणि नऊनंतर तो कातळच भट्टीसारखा तापतो. एप्रिल-मे मध्ये जायचंच असेल तर साडेसात वाजता गडावर पोचलेलं असावं.

पावसाळ्यात हा घाट दिसतो अतिशय सुंदर. तरीही मी जात नाही. दरड पडते, रस्त्यावर खडी आणि चिखल वाहून येतो, कठड्यालगत शेवाळ धरतं, आणि दाट धुक्यात वरून येणाऱ्या गाडीला सायकलवाला दिसत नाही. चढून गेलात तरी त्याच रस्त्याने उतरायचं आहे.

चैत्र उत्सव, म्हणजे रामनवमी ते चैत्र पौर्णिमा, नवरात्र आणि कोजागरी या दिवसांत सायकल नको. खाजगी वाहनं नांदुरीला अडवतात, घाटात एसटीच्या फेऱ्या एकामागून एक चालू असतात आणि रस्त्याच्या कडेने हजारो माणसं पायी चालतात. ती वाट त्या दिवसांत त्यांची आहे. मी माझ्या पहिल्या वेळी हे समजून घेतलं नव्हतं. चालणाऱ्यांना घंटी वाजवत बाजूला सारायला मला आज लाज वाटेल. मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमेलाही गर्दी असते. आठवड्यातला बुधवार किंवा गुरुवार मिळाला तर सोन्याहून पिवळं.

निघायच्या दिवशी

रात्री साधं जेवण, भात-वरण किंवा पोळी-भाजी. मिसळ परतीच्या वाटेवर खा. सकाळी तर्री पोटात घेऊन घाट चढणं मी दोनदा पाहिलं आहे आणि दोन्ही वेळा त्या माणसाला वळणावर उतरून बसावं लागलं.

निघण्याआधी तासभर दोन केळी आणि थोडे पोहे. नाशिकहून निघत असाल तर पहाटे साडेचार-पाचला. म्हसरूळ सोडलं की रस्ता मोकळा. दिंडोरीपर्यंत मुद्दाम हळू चालवा, कारण या टप्प्यात पाय ताजे असतात आणि गटातल्या कुणाला तरी वेग दाखवायची हौस येते. त्याला जाऊ द्या. वणीत दहा मिनिटं थांबा, चहा, राजगिऱ्याचा लाडू किंवा चिक्की. घाटात शरीर साधारण साडेचारशे किलोकॅलरी जाळतं, म्हणजे चार-साडेचार केळ्यांइतकं. ते सगळं घाटातच भरून काढायचं नसतं, पण रिकाम्या पोटी नांदुरीला पोचायचं नाही.

पाणी नांदुरीत दोन्ही बाटल्या भरून घ्या. एका बाटलीत साधं पाणी, दुसरीत लिंबू, साखर आणि दोन चिमटी मीठ. घाम जास्त येणाऱ्यांनी ओआरएसची पुडी घ्यावी. पोटरीत गोळा येतो तो बऱ्याचदा दमलेल्या पायांवर जास्त जोर दिल्याने येतो, आणि पाणी-मीठ कमी पडलं की प्रकरण आणखी बिघडतं. सोबत एक ट्यूब, टायर काढायच्या पट्ट्या, पंप, षटकोनी चाव्यांचा संच आणि एक पातळ वाऱ्याचं जाकीट. जाकीट चढायला नाही, उतरायला लागतं.

घाटात: किलोमीटर दर किलोमीटर

नांदुरी सोडताना एक काम आठवणीने करा. चढ लागायच्या आधीच, सपाटीवर असतानाच, हलक्या गिअरवर या. जोर लावलेल्या अवस्थेत पुढची चेनरिंग बदलायला गेलात, की चेन पडते. उभ्या चढावर चेन बसवून पुन्हा निघणं हे अख्ख्या घाटातलं सर्वांत कटकटीचं काम आहे.

पहिले दोन किलोमीटर इतके हळू जा, की तुम्हालाच विचित्र वाटेल. पाय ताजे, देवीचं दर्शन डोक्यात, मागून कुणी ओरडतंय, अशा वेळी माणूस नकळत दोनशे वॉट काढतो. पाच-सात मिनिटं ते झेपतं आणि मग पाय भरून येतात. एकदा भरलेले पाय घाटात मोकळे होत नाहीत. माझ्या पहिल्या वेळी हेच झालं होतं. त्या आजीने पहिल्या पावलापासून जी चाल धरली होती, तीच शेवटपर्यंत ठेवली.

वळणांचं एक सूत्र सांगतो, ते फार उपयोगी पडतं. आपण डाव्या बाजूने चालतो. त्यामुळे चढताना डावं वळण आलं, की आपण आतल्या कडेला असतो, जिथे रस्ता सर्वांत उभा असतो. उजव्या वळणाला आपण बाहेरच्या कडेला असतो, तिथे चढ सौम्य असतो. म्हणून डाव्या वळणाच्या आधी मागे वळून बघा, गाडी नसेल तर आपल्याच लेनमध्ये थोडं मधे या, एक गिअर हलका करा आणि कडेपासून दूर राहून वळा. उजव्या वळणात सावकाश बसा, श्वास घ्या, पाण्याचा घोट घ्या. मागून बस येत असेल तर डाव्या वळणात शिरूच नका, आधी थांबून तिला जाऊ द्या. बस वळताना तिचं मागचं चाक आतल्या कडेला खूप जवळून जातं.

उभं राहून पॅडल मारणं फक्त छोट्या उभ्या तुकड्यापुरतं, वीस-तीस फेऱ्या. उठण्याआधी एक गिअर जड करा, नाहीतर पाय हवेत गेल्यासारखा होतो आणि सायकल मागे ओढते. बाकी वेळ बसून. हात हँडलवर सैल ठेवा, कोपर वाकलेले. खांदे कानापर्यंत गेले आहेत का, हे दर थोड्या वेळाने तपासा. बोटं घट्ट आवळली की श्वासही आवळला जातो.

रस्त्यावर इकडून तिकडे नागमोडी चालवून चढ कमी करायची युक्ती बरेच जण सांगतात. रिकाम्या रस्त्यावर ती खरी आहे. या घाटात वळणाआडून जीप खाली येते, म्हणून इथे ती वापरू नका. त्याऐवजी थांबा.

थांबण्याची पण पद्धत आहे. वळणात नाही, वळणाच्या पुढच्या सरळ तुकड्यात, जिथे दोन्हीकडून दिसाल तिथे. चढाच्या मध्ये थांबलात आणि पुन्हा निघायचं असेल, तर सायकल रस्त्याला थोडी तिरकी धरा, मागे-पुढे गाडी नाही हे पाहा, एक पॅडल वर आणा, ब्रेक धरून बसा आणि ब्रेक सोडताच तो पॅडल दाबा. क्लीटचे (पॅडलमध्ये अडकणारे) बूट असतील तर दुसरा पाय पहिल्या दोन फेऱ्यांत अडकवायला जाऊ नका, नुसता टेकवून फिरवा. जमत नसेल तर सपाट तुकड्यापर्यंत चालत जा.

गणपती पॉइंटच्या आसपास लोक फोटोला थांबतात. समोर मार्कंडेयाचा डोंगर दिसतो, खाली चढून आलेला रस्ता. कठड्यावर बसू नका. या घाटाने मोठे अपघात पाहिले आहेत. जानेवारी २००८ मध्ये भाविकांची बस दरीत कोसळून कित्येकांचे जीव गेले, आणि जुलै २०२३ मध्ये याच गणपती पॉइंटजवळ एक बस खाली गेली. जरा वेळ शांत उभं राहिलं, की ती खोली लक्षात येते.

शेवटच्या टप्प्यात गाव जवळ आल्यासारखं वाटतं आणि मन घाई करतं. तिथे वेग वाढवायचा नाही. दुकानांच्या पाट्या दिसेपर्यंत तीच लय.

वर पोचल्यावर

लगेच खाली बसू नका, पाच मिनिटं सायकल धरून चाला. घामाचा टी-शर्ट बदला किंवा जाकीट चढवा, कारण वरचा वारा पाठीला झोंबतो. माकडं खूप आहेत. हँडलला लटकवलेली केळ्यांची पिशवी दोन सेकंदांत जाते, म्हणून खाणं पिशवीत बंद. दर्शनाला जायचं तर सायकल कुलूप लावून ओळखीच्या दुकानासमोर ठेवा. पायऱ्या चढायच्या की २०१८पासून सुरू असलेल्या फ्युनिक्युलर ट्रॉलीने जायचं, ते पायांना विचारा. घाटानंतर पाचशे पायऱ्या चढल्यावर उतरताना मांड्या थरथरतात, आणि थरथरत्या मांड्यांनी सायकलवर उतरणं मला पटत नाही. मी ट्रॉलीने जातो.

उतार: इथे जास्त जपा

चढताना तुमच्या चुकीची शिक्षा दम लागण्याची असते. उतरताना ती वेगळी असते. वर नेताना जे ३७५ किलोज्यूल साठवले, ते खाली येताना कुठेतरी जायलाच हवेत. थोडे हवेत जातात, बाकीचे ब्रेकमध्ये उष्णता होऊन. सगळेच्या सगळे ३७५ धरले, तर तितक्या उष्णतेत एक लिटर गार पाणी उकळेल. ब्रेकमधली सगळी उष्णता तुमच्या दोन रिमवर किंवा दोन डिस्कवर पडते. रिम ब्रेक सतत दाबून धरले तर रिम तापते, ट्यूबमधली हवा फुगते आणि टायर फुटू शकतो. एका उतारावर माझ्या पुढे चाललेल्या मित्राचा मागचा टायर असाच फुटला. आधी जळक्या रबराचा वास आला, मग फटाक्यासारखा आवाज. नशिबाने मागचं चाक होतं आणि तो सरळ तुकड्यात होता.

म्हणून ब्रेक सतत घासत राहू नका. सरळ तुकड्यात वेग थोडा वाढू द्या, वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक एकत्र, ठाम दाबून वेग पुरता कमी करा, मग सोडा आणि वळा. वळणात असताना ब्रेक जवळजवळ नाहीच. बाहेरचा पाय खाली, वजन त्यावर. नजर जिथे जायचं तिथे, दरीकडे नाही. ताशी तीसच्या वर जाण्याचं काहीच कारण नाही. हात दुखायला लागले, रिमचा वास आला किंवा ब्रेकची मूठ हँडलच्या जवळ जायला लागली, तर थांबा. दहा मिनिटं गार होऊ द्या. निघण्याआधी वरच ब्रेक पॅड तपासा. पॅडवरच्या खाचा दिसेनाशा झाल्या असतील तर त्या पॅडवर हा उतार उतरू नका, सरळ जीपमध्ये सायकल टाका.

वर येणाऱ्या बसला नेहमी जागा द्या. ती चढावर थांबली तर पुन्हा निघायला तिला त्रास होतो, तुम्हाला काहीच होत नाही. वळणांवर खडी पडलेली असते, जास्त करून बाहेरच्या कडेला, आणि उतरताना डाव्या बाजूने चालत असल्याने उजव्या वळणाला आपण नेमके बाहेरच्या कडेला असतो. चढताना खडी कुठे दिसली ते लक्षात ठेवलं असेल, तर ते आता कामाला येतं.

नांदुरीत उतरलात की घरी फोन करा. मग दोन्ही चाकं उचलून फिरवून बघा, टायरच्या कडेला फुगा आला आहे का, रिम कुठे घासते आहे का. रिमला लगेच बोट लावू नका, चांगलंच पोळतं. बाटल्या पुन्हा भरा, एक केळं खा. वणीपासून दिंडोरीपर्यंत दुपारी बऱ्याचदा समोरून वारा लागतो, तेव्हा दोघं-तिघं असाल तर आळीपाळीने पुढे राहा, आणि ज्याचे पाय संपलेत त्याला मागे ठेवून घ्या.